फायटरचा निळा फोटोतही तोच निळा दिसावा म्हणून

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही घरी फायटर (बेटा) माशांची पैदास करता आणि फोनवर फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवता. टँकवर रंगीत एलईडी आहे, पाण्यात बदामाची पानं असतात. फोटोत गडद निळा दिसलेला एक नर गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर हिरवट निघाला आणि 'फोटो एडिट केलाय' असं तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं. तुम्ही फोटोला हातही लावला नव्हता. आता कोणता फोन घ्यावा आणि कोणत्या ॲपमध्ये रंग दुरुस्त करावेत, असं तुम्ही विचारताय.

मी अठरा वर्षं मासे पाळतोय आणि त्यातली बारा-तेरा वर्षं पैदास करणाऱ्या मंडळींसाठी माशांचे फोटो काढतोय. माझं स्पष्ट मत आहे की फोन बदलू नका. तुमचा रंग फोनमध्ये शिरण्याआधी, दिव्याखालीच हरवतोय. तिथे जे हरवलं ते नवा फोनही आणणार नाही आणि ॲपही आणणार नाही.

फायटरच्या बाबतीत निळा आणि हिरवा यांतला फरक नुसत्या दिसण्याचा नाही. स्टील ब्लू (राखाडी झाक असलेला निळा), रॉयल ब्लू (गडद निळा) आणि टर्कॉइझ (हिरवट निळा) हे तीन रंग एकाच जनुकाच्या दोन रूपांतून येतात. एक रूप दोन्हीकडून आलं तर स्टील, दुसरं रूप दोन्हीकडून आलं तर टर्कॉइझ, आणि दोन्हींचं एकेक आलं तर रॉयल. म्हणून रॉयलला रॉयल लावला की पिल्लांत साधारण निम्मे रॉयल, पाव स्टील आणि पाव टर्कॉइझ निघतात. स्टीलला टर्कॉइझ लावला की सगळी पिल्लं रॉयल. तुमच्याकडून नर घेणारा माणूस पुढची पिढी याच हिशोबाने मांडतो. फोटोत टर्कॉइझ रॉयल दिसला तर त्याचे पुढचे चार-पाच महिने चुकीच्या जोडीवर जातात.

हे मी अनुभवाने शिकलो. सुरुवातीच्या काळात एका ओळखीच्या ब्रीडरसाठी मी त्याच्या टँकच्या रंगीत दिव्याखालीच एका नराचे फोटो काढले. फोटोत नर रॉयल दिसत होता, मलाही तसाच वाटला. घेणाऱ्याने तो आपल्या स्टील मादीला लावला. निम्मी पिल्लं स्टील आणि निम्मी रॉयल येतील अशी त्याची अपेक्षा होती. पिल्लं रंगावर आली तेव्हा सगळी रॉयल, एकही स्टील नाही. म्हणजे नर टर्कॉइझ होता. त्या माणसाने शांतपणे मला पिल्लांचा फोटो पाठवला आणि विचारलं, 'दादा, नर नक्की कोणता होता?' तेव्हापासून मी टँकच्या दिव्याखाली विक्रीचा एकही फोटो काढलेला नाही.

आता मुळाशी जाऊ. फायटरच्या अंगात निळं रंगद्रव्य नसतं. त्याच्या कातडीतल्या काही पेशींत ग्वानिनच्या अतिशय पातळ चकत्यांचे थर असतात. प्रकाश त्या थरांवरून परतताना ठरावीक रंगच जोराने बाहेर फेकला जातो, आणि थरांमधल्या अंतराप्रमाणे तो निळा किंवा हिरवट असतो. मोरपिसाचा रंगही अशाच रचनेतून येतो. त्यामुळे प्रकाश कोणत्या बाजूने पडतोय आणि आपण कुठून पाहतोय, यावर रंग सरकतो. धूपछाव पदर हातात घेऊन जरा फिरवला की रंग बदलतो, तसं समजा (तिथलं कारण वेगळं आहे, पण डोळ्याला दिसतं तसंच). म्हणून या माशाच्या बाबतीत 'खरा रंग' म्हणजे ठरलेल्या उजेडात, ठरलेल्या कोनातून दिसणारा रंग. तो उजेड आणि तो कोन एकदा पक्के करायचे आणि प्रत्येक माशाला तेच वापरायचे.

तुमच्या रंगीत एलईडीत लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे चिप असतात. निळा चिप साधारण ४५० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीला (प्रत्येक रंगाची तरंगलांबी वेगळी असते) प्रकाश देतो, हिरवा ५२० ते ५३० च्या आसपास. या दोहोंच्या मधे, ४८० ते ५०० च्या पट्ट्यात, उजेड फारच कमी असतो. टर्कॉइझ मासा नेमका याच पट्ट्यात चमकतो. त्याला स्वतःचा रंग दाखवायला लागणारा उजेडच मिळाला नाही, की तो शेजारचा निळा परतवतो आणि निळा दिसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून फोटोतले रंग जुळवणं, करून काय होतं? आहे त्या उजेडातले कमीजास्त रंग समतोल होतात. जो रंग उजेडात नाहीच, तो व्हाइट बॅलन्स कुठून आणणार? मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, पण भाजीत वांगंच टाकलं नसेल तर वरून काही घालून ते येत नाही.

बाजारात मिळणाऱ्या साध्या पांढऱ्या एलईडी बल्बमध्येही ४८० च्या आसपास खड्डा असतो, फक्त तो इतका खोल नसतो. बल्बच्या खोक्यावर सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो याचा आकडा, जास्तीत जास्त १००) लिहिलेला असतो तो बघा. साध्या बल्बचा ८० च्या आसपास असतो. फोटोसाठी ९० च्या वरचा घ्या, ५००० ते ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेड पिवळट आहे की निळसर, ते सांगणारा आकडा). पण खर्च करायच्या आधी फुकटचा आणि सगळ्यात चांगला उजेड वापरून बघा: दिवसाचा. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, जिथे थेट ऊन येत नाही अशी खिडकी. उत्तरेची असेल तर उत्तम. दिवसाच्या उजेडात असा खड्डा नसतो. स्टील, रॉयल आणि टर्कॉइझ ओळखायचे असतील तर मी अजूनही मासा आधी खिडकीशी नेऊन पाहतो, मग बाकीचं.

दिवा बरा की वाईट हे ओळखायची एक घरगुती रीत आहे. एक तळहात दिव्याखाली धरा, दुसरा खिडकीच्या उजेडात. दिव्याखालचा तळहात जांभळट किंवा राखाडी, मेल्यासारखा दिसला तर त्या दिव्याखाली फोटो काढू नका.

यासाठी राहत्या टँकचा फोटो काढायचा हट्ट सोडा आणि एक छोटा फोटो-टँक करून घ्या. माझा आठ इंच लांब, सहा इंच उंच आणि जेमतेम चार इंच रुंद आहे, पाच मिलिमीटर काचेचा. आत एक सुटी काच सरकवतो, म्हणजे मासा पुढच्या काचेपासून दीड-दोन इंचांतच राहतो आणि एका बाजूने स्वच्छ दिसतो. पाणी माशाच्याच टँकच्या तापमानाचं, क्लोरीन काढलेलं, आणि बिनपानांचं. बदामाची पानं माशाला मानवतात, जरूर ठेवा, पण त्यांच्यामुळे पाण्याला चहासारखा रंग येतो. तो तपकिरी रंग दिसला की फोन आपोआप निळा वाढवतो. तुमचा हिरवट नर निळा दिसला त्यात याचाही हात असणार. मागच्या बाजूला मधला राखाडी कागद लावा. काळ्या पार्श्वभूमीवर मासा उठून दिसतो खरा, पण फोनला चित्र अंधारं वाटतं, तो उजेड वाढवतो आणि मासा फिका पडतो. निळी पार्श्वभूमी तर अजिबात नको, कारण फोन ती निळाई घालवायला अख्खं चित्र पिवळं करतो.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. हार्डवेअरच्या दुकानात नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप मिळते. प्लास्टिकच्या एका पट्टीवर तिचे सात-आठ थर ओढून, सपाट गुंडाळा, खालचं प्लास्टिक अजिबात दिसणार नाही इतके. ही पट्टी फोटो-टँकमध्ये, पाण्यात, मासा जिथे पोहतो तिथे, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी करा. टेफ्लॉन जवळजवळ सगळे रंग सारखेच परतवतं, पाण्यात विरघळत नाही, माशाला त्रास देत नाही. या पट्टीवरून व्हाइट बॅलन्स ठरवायचा.

अनेकजण यासाठी झेरॉक्सचा कागद धरतात. त्या कागदात जास्त पांढरा दिसावा म्हणून चमक आणणारी रसायनं घातलेली असतात. दिव्यात जांभळा किंवा अतिनील भाग असला की ती निळी चमकतात. म्हणजे तुम्ही ज्याला पांढरं समजून माप घेताय, तेच निळं आहे. कपड्यांच्या पावडरीतही हीच रसायनं असतात, त्यामुळे पांढरा बनियनही बाद.

पट्टी पाण्यातच का, बाहेर का नाही? साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे तिला हिरवट झाक असते. काचेची कड बघा, लगेच दिसेल. पाण्याला स्वतःचा थोडा रंग असतो. मासा आपल्याला या दोन्हींतून दिसतो. पट्टीही त्याच काचेतून, त्याच पाण्यातून दिसली तरच तिच्यावरून केलेली दुरुस्ती माशाला लागू पडते.

फोनकडे येऊ. प्रो मोड असेल तर त्यात जा. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढा आणि केल्विनचा आकडा फिरवत पट्टी पांढरी-राखाडी दिसेपर्यंत थांबा. खिडकीच्या उजेडात तो बहुधा ५५०० ते ७००० च्या मधे कुठेतरी येतो, ढगाळ दिवशी वरच्या बाजूला. मग तो आकडा त्या बैठकीपुरता हलवायचा नाही. रॉ फाइलची (फोनने न दाबलेल्या, न बदललेल्या मूळ फोटोची) सोय असेल तर ती चालू करा. प्रो मोड नसेल तरी अडत नाही. पहिला फोटो पट्टीसकट काढा, नंतर स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्सच्या साधनात जाऊन रंग उचलणारा ठिपका पट्टीवर ठेवा. मात्र आधीच दाबून छोट्या केलेल्या साध्या फोटोत दुरुस्तीला फार वाव नसतो, रॉमध्ये भरपूर असतो. सीन ओळखून रंग भडक करणारी जी काही एआय सोय फोनमध्ये असेल, ती बंद.

एक्स्पोजरबद्दल, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याबद्दल, मात्र थोडं थांबून सांगतो, कारण रंगाची निम्मी फसवणूक इथे होते आणि लोक दोष व्हाइट बॅलन्सला देतात. फोटोतला प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत साठतो, प्रत्येकाची कमाल २५५. रॉयल ब्लू माशावर उजेड जास्त झाला की निळ्याचा आकडा २५५ ला जाऊन अडकतो, हिरव्याचा मात्र वाढत राहतो. परिणाम काय, तर रॉयल ब्लू सरकत सरकत आकाशी आणि मग टर्कॉइझसारखा दिसायला लागतो. तसंच लाल माशाचं: लाल अडकतो, हिरवा वाढतो, आणि गर्द लाल नारिंगी होतो. म्हणून एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १ ठेवा. फोटो थोडा काळपट वाटेल, वाटू दे. टेफ्लॉनची पट्टी ठार पांढरी न होता त्यावर थेंबांच्या, सुरकुत्यांच्या बारीक छटा दिसल्या पाहिजेत. त्या दिसत असतील तर माशाचा रंग बहुतेक वेळा शाबूत असतो. काळपट फोटो नंतर उजळता येतो. अडकून गेलेला निळा परत मिळत नाही.

दिव्याखाली काढत असाल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. मंद केलेल्या रंगीत एलईडीत तर तीनही चिप वेगवेगळ्या वेळी उघडझाप करू शकतात, मग लागोपाठच्या दोन फोटोंत एकाच माशाचा रंग वेगळा येतो. खिडकीपाशी हा प्रश्नच नाही, तिथे १/१२५ किंवा १/२०० बिनधास्त वापरा. फोनचा फ्लॅश कधीच नको. तो समोरून काचेवर आपटतो आणि खवल्यांवर पांढरे डाग पाडतो. कॅमेरा आणि सुटा फ्लॅश असलेल्यांनी फ्लॅश टँकच्या वर, किंचित पुढे धरावा. त्याचा उजेड बहुतांशी ५५०० केल्विनच्या आसपास आणि प्रत्येक वेळी जवळपास सारखाच असतो, त्यामुळे काम सोपं होतं.

खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. खिडकी आणि ट्यूबलाइट असे दोन उजेड एकत्र आले की माशाची पाठ एका रंगाची आणि पोट दुसऱ्या रंगाचं येतं, आणि ते कुठल्याच ठिपक्याने दुरुस्त होत नाही. गडद कपडे घाला, फोन काचेला समांतर आणि लेन्स माशाच्या अगदी समोर धरा, एक फुटावरून, दुप्पट झूमवर. तिरकस धरलं तर काच आणि पाणी मिळून कडांना रंगीत झालर लावतात. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर फोनच्या मागे एक काळं कापड धरून त्याला लेन्सपुरतं भोक पाडा. काचेवरची चमक कापणारा पोलराइझर फिल्टर अगदी समोरून काढताना उपयोगी पडत नाही.

इतकं केल्यावरही मासा स्वतः साथ देतो की नाही, यावर बरंच अवलंबून असतं. जाळीने उचलून नव्या पाण्यात सोडलेला फायटर घाबरलेला असतो, त्याचा रंग उतरतो, मादीच्या अंगावर आडव्या पट्ट्या उमटतात. वीस मिनिटं ते अर्धा तास त्याला एकट्याला सोडा. मग आरसा दाखवा. कल्ले फुलवून, सगळे पर ताणून तो उभा राहिला की तिथेच, बाजूने, दहा-बारा फोटो घ्या. आरसा एक-दोन मिनिटंच, त्याहून जास्त नाही. दिवा नुकताच लावल्यावरही फोटो काढू नका. बरेच मासे अंधारात रंग उतरवतात. निऑन टेट्राची निळी रेघ तर अंधारात जांभळ्याकडे आणि उजेडात निळ्या-हिरव्याकडे सरकते, तोच मासा, तासाभराच्या फरकाने.

रॉयल की टर्कॉइझ याबद्दल शंका असेल तर मी तीन फोटो देतो: एक अगदी बाजूने, एक मासा किंचित आपल्याकडे वळलेला, एक किंचित पलीकडे वळलेला. सोबत दहा सेकंदांचा व्हिडिओ. चमकीचा रंग एका कोनात फसवू शकतो, चार कोनांत फसवणं त्याला अवघड जातं. मार्बल किंवा कोई प्रकारातला मासा असेल तर फोटोवर तारीख टाका. त्यांचा रंग काही आठवड्यांत बदलतो, आणि तो बदल तुमच्या माथी येऊ नये.

तुमच्या कामाचा क्रम असा बसवा: खिडकीशी फोटो-टँक, बिनपानांचं पाणी, आत पट्टी, केल्विन पक्का, एक्स्पोजर थोडं खाली, मासा सोडून अर्धा तास थांबणं, मग आरसा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं हातवळणी पडतं.

राहिला पडदा. संध्याकाळी फोन आपोआप 'आय कम्फर्ट'मध्ये जातो आणि अख्खा पडदा पिवळा करतो. त्या पडद्यावर तुम्ही रंग जुळवलात तर निळा जास्त घालणार, हे ठरलेलंच. ती सोय बंद करा, डिस्प्ले 'व्हिव्हिड'वरून 'नॅचरल'वर आणा आणि मासा शेजारी ठेवूनच फोटो पडताळा, आठवणीतून नको. फाइल एसआरजीबीमध्ये (बहुतेक पडद्यांना समजणाऱ्या रंगपद्धतीत) साठवा, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गिऱ्हाइकाचा पडदा आपल्या हातात नाही, म्हणून एक फोटो पट्टीसकट पाठवायचा आणि लिहायचं: 'ही पट्टी तुम्हाला पांढरी दिसत नसेल तर तुमचा पडदा रंग बदलतोय.' माझ्याकडे येणाऱ्या रंगाच्या तक्रारी या एका ओळीने जवळजवळ थांबल्या.

रंगीत झाडांचा मोठा टँक किंवा समुद्री प्रवाळांचा टँक असणाऱ्यांनी यातलं सगळं जसंच्या तसं घेऊ नये. हिरव्यागार टँकमध्ये फोन गुलाबी झाक आणतो, तिथेही पट्टीच उपयोगी. प्रवाळं निळ्या दिव्याखाली निळा उजेड शोषून हिरवा-नारिंगी परत देतात. ते टिपायला लेन्सवर नारिंगी फिल्टर लावतात आणि तो प्रकार वेगळाच आहे, त्याच्याबद्दल वेगळा प्रश्न टाका, सविस्तर लिहीन.

ज्या गिऱ्हाइकाने तक्रार केली, त्याच्याशी वाद घालू नका. त्याला विचारा की मासा त्याने कोणत्या उजेडात पाहिला, आणि उद्या सकाळी साध्या पाण्यात, खिडकीशी, नळाची टेप गुंडाळलेल्या पट्टीशेजारी एक फोटो काढायला सांगा. त्यातही नर हिरवट आला तर तो टर्कॉइझच आहे, आणि चूक तुमच्या दिव्याची होती हे मान्य करून टाका. बदली मासा द्यायचा की पैसे, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त त्याला हेही सांगा की हा नर त्याने स्टील मादीला लावला तर सगळी पिल्लं रॉयल येतील. त्याला जर रॉयलच हवे असतील, तर कदाचित तो मासा ठेवूनच घेईल.